राहायचं ठरलं ना, मग आता घर लावा

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. लोक कुठेतरी "सध्या तरी" म्हणून राहत होते आणि आता तिथेच राहायचं ठरवलंय, कोणी गावच्या घरात, कोणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कोणी मुलाकडे परदेशी न जाता आपल्याच जुन्या ब्लॉकमध्ये. मला ही पत्रं वाचताना फार बरं वाटलं, कारण एकदा मन ठरलं की मगच माणूस भिंतींकडे नीट बघायला लागतो. सगळ्या पत्रांना जागा पुरत नाही म्हणून चार घेतलीत, पहिल्याला जरा ऐसपैस उत्तर दिलंय कारण कोकणातल्या कितीतरी घरांत हेच चाललंय.

प्रश्न : ताई नमस्कार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं आणि मुलगी ठाण्याहून राजापूर तालुक्यात सासरच्या घरी आलो ते दोन-तीन महिन्यांसाठी. नवऱ्याचं काम ऑनलाइन चालू राहिलं, सासूबाई एकट्याच होत्या, मग जाऊ जाऊ करत राहिलोच आणि आता ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन टाकलाय म्हणजे यापुढे इथेच. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. खरं सांगायचं तर इतकी वर्षं आम्ही पाहुण्यांसारखेच राहिलो, माझे निम्मे कपडे अजून बॅगेत आहेत. आता घर नीट लावायचंय. पण माजघरात दिवसासुद्धा लाइट लावावा लागतो, पावसात भिंतींना ओल येते आणि ऑइल पेंटचे पापुद्रे सुटतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, पडवीच्या एका खांबाला वाळवी. एका ओळखीच्या इंटिरियरवाल्याने सांगितलं की फॉल्स सीलिंग करा, भिंतींना पुट्टी मारून प्लास्टिक पेंट द्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स टाका, घर एकदम फ्लॅटसारखं होईल. सासूबाई काही बोलत नाहीत पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं की त्यांना पटलेलं नाही. काय करू आणि सुरुवात कुठून करू?
— राजापूर तालुका

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. त्या घराचे इतके पावसाळे त्यांनी काढलेत, त्यामुळे त्या बोलत नसतील तर तुम्ही स्वतःहून विचारा, संध्याकाळी पडवीत बसून निवांत विचारा की आई, पूर्वी कुठे गळायचं, कुठली भिंत आधी ओली होते, वारा कुठून येतो. ही माहिती तुम्हाला कुठलाही इंटिरियरवाला देऊ शकणार नाही.

फॉल्स सीलिंग अजिबात करू नका. कौलारू घर उन्हाळ्यात थंड राहतं कारण गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. खाली पीओपी लावलंत की ती हवा तिथेच कोंडणार, वर उंदीर घर करणार, आणि एखादं कौल सरकलं तर कुठून गळतंय ते कळणारच नाही, कळेल तेव्हा पीओपीचा तुकडाच खाली आलेला असेल. शिवाय वासे आणि त्यांवरच्या, कौलं पेलणाऱ्या रिपा डोळ्यांसमोर असल्या की वाळवी, भुंगा लगेच दिसतो. ते आढं, ते वासे हीच तर तुमच्या घराची शोभा आहे, ती झाकायला पैसे कशाला घालवायचे? नुसते झाडून, जाळ्या काढून, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि मग बघा.

आता सुरुवात कुठून, तर पाण्यापासून. घरात पाणी यायचं थांबत नाही तोवर पडदे, रंग, शोभेच्या वस्तू यातल्या कशावरही खर्च करू नका, सगळं वाया जातं. एप्रिल-मेमध्ये शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट लावणं, करून घ्या आणि त्या दिवशी स्वतः उभ्या राहा. कौलं उतरवली की रिपा बघता येतात, ज्या कुजल्यात त्या तेव्हाच बदलायच्या, नंतर पुन्हा माणसं मिळत नाहीत. तुमची कौलं मंगलोरी असतील तर एक उलटी करून बघा, त्यावर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, मग बाकीचे कारखाने आले आणि प्रत्येकाचा साचा थोडा थोडा वेगळा, त्यामुळे एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि नेमकं तिथूनच पाणी आत येतं. बदली कौलं घेताना जुनं एक कौल हातात घेऊन जा आणि शेजारी शेजारी लावून बघा. आजूबाजूला कोणी जुनं घर उतरवत असेल तर त्याच साच्याची चांगली कौलं मिळू शकतात, पन्नासेक जास्तीची घेऊन मागच्या बाजूला रचून ठेवा, कारण वानरं येणार आणि कौलं फोडणार, त्याला इलाज नाही.

दुसरं पाणी खालून येतं. पागोळ्या जिथे पडतात तिथून चिखल उडून जोत्यावर आणि भिंतीवर बसतो, भिंत रोज भिजते. घराला चारी बाजूंनी पागोळीच्या रेषेत चिऱ्याचे तुकडे किंवा खडी पसरा, आणि पाणी घरापासून लांब जाईल असा उतार देऊन चर काढा. पन्हळ लावता आली तर फारच छान. हे काम दिसत नाही, आलेला पाहुणा त्याचं कौतुक करणार नाही, पण भिंतीच्या ओलीतली बरीचशी इथेच कमी होईल.

भिंती. जांभा पाणी पितो आणि सोडतोही, हा त्याचा स्वभाव आहे. पूर्वी त्याला चुन्याचा गिलावा असायचा, चुन्यातून ओल बाहेर पडायची. नंतर कधीतरी लोकांनी सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला, तुमच्याकडेही तेच झालेलं दिसतंय, आता ओलीला बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती रंगाला ढकलते आणि पापुद्रे निघतात. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारलात तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. दिवाळीनंतर रंग खरवडून काढा, गिलाव्यावर बोटाने टकटक करून बघा, जिथे पोकळ आवाज येईल किंवा लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, फुललेला दिसेल तिथला गिलावा उतरवा, मग भिंत तशीच उघडी ठेवा, दिसायला वाईट दिसेल पण मार्चपर्यंत तिला वाळू द्या. मग जिथे गिलावा काढलाय तिथे चुन्याचा गिलावा आणि सगळीकडे चुन्याची सफेदी.

चुना लावायचा म्हणजे काय ते नीट सांगते कारण आता रंगारीसुद्धा विसरलेत. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात भिजवायची, ती उकळते आणि फार गरम होते म्हणून प्लास्टिकच्या बादलीत नाही, मुलीला लांब ठेवा, डोळ्यांत उडू देऊ नका. आठ-पंधरा दिवस मुरू द्या, मग फडक्यातून गाळून ताकाइतकी पातळ करा, थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला म्हणजे टेकलं तर कपडे पांढरे होणार नाहीत. भिंत आधी पाण्याने ओली करायची आणि मग पातळ हात मारायचा. लावताना भिंत मळकट, पारदर्शक दिसते, माणूस घाबरतो आणि जाड थर देतो, मग तोच थर सालपटं होऊन निघतो. घाबरू नका, सुकत जाईल तसा तो पांढरा होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. असे तीन पातळ हात. थोडी नीळ घातली की पांढरा खुलतो. खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा गेरूचा ठेवा, हातापायांचे डाग दिसत नाहीत आणि पांढऱ्याखाली तो तांबडा पट्टा इतका सुंदर दिसतो की त्या खोलीत दुसरं काही लावावंसं वाटत नाही. बुरशीलाही चुना सहन होत नाही. बाहेरचा चिरा कुठे उघडा असेल तर तो तसाच ठेवा, नुसत्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरून घ्या.

माजघराच्या अंधाराला काचेची कौलं. शाकारणीच्या वेळीच दोन-तीन बसवा, पण एका ओळीत खाली खाली लावू नका, उत्तरेकडच्या उतारावर लांब लांब लावा म्हणजे उजेड पसरतो आणि ऊन थेट आत पडत नाही. झोपायच्या जागेच्या वर नको, चांदणी रात्र छान वाटते पण पहाटे झोपमोड होते. भिंतीत देवळ्या, म्हणजे कोनाडे, असतील तर त्या बुजवू नका हो, कृपा करून बुजवू नका. त्यात पिवळसर उजेडाचा छोटा एलईडी ठेवला की संध्याकाळी माजघर जसं दिसतं तसं कुठल्याही झुंबराने दिसणार नाही. त्यासाठी वायरिंग काढावं लागेलच, तर तेव्हा सगळं जुनं वायरिंग बदला, नवीन अर्थिंग करा आणि ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे शॉक लागला तर वीज लगेच तोडणारं बटण, बसवा. ओली जमीन, ओले हात, न्हाणीत गीझर, इथे काटकसर करायची नाही.

कपाटं भिंतीला चिकटवून ठेवलेली असणार, ती चार बोटं पुढे ओढा आणि खाली पाय किंवा चिऱ्याचे तुकडे द्या, पाठीमागून हवा खेळली की बुरशी निम्म्यावर येते. पार्टिकल बोर्डचं काहीही त्या घरात आणू नका, एका पावसात फुगतं. वाळवीचं मात्र थांबू नका. खांबावर मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर खांब गेला, तो बदलायला लागेल, फणसाचा किंवा किंजळाचा घ्या आणि खाली दगडी बैठक द्या म्हणजे लाकूड मातीला टेकणार नाही. वाळवी जमिनीतून येते, त्यामुळे नुसत्या खांबावर फवारून उपयोग नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून आजूबाजूच्या जमिनीत औषध घालून घ्या. काजूच्या टरफलांचं तेल तुमच्याकडे मिळेल, न दिसणाऱ्या लाकडांना ते फार चांगलं, फक्त हातमोजे घालून लावा कारण कातडी जळते.

जमीन सगळ्यात शेवटी. गुळगुळीत टाइल्सवर पावसाळ्यात ओले पाय घसरतात आणि घरात वयस्कर माणूस आहे. लाल कोबा किंवा खरबरीत शहाबादी, दोन्ही त्या घरात शोभतं. मागची एखादी खोली शेणाने सारवलेली असेल आणि सासूबाईंना ती तशी हवी असेल तर ती तशीच राहू द्या.

एक कागदाचं काम. घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावावर असेल तर मोठा खर्च करण्याआधी नवऱ्याने आपल्या काका-चुलत भावंडांशी मोकळेपणाने बोलून घ्यावं, घर सामाईक असतं, आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा तो होत नाही. गणपतीत सगळे जमतात तेव्हा काय काय करणार आहात ते सांगा. आधी कळलं की माणसं खूश होतात, नंतर कळलं की नाती बिघडतात, मग कितीही सुंदर घर असलं तरी त्यात मन रमत नाही.

आणि हे सगळं व्हायला दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत. पण एक काम याच आठवड्यात करा. बॅगा रिकाम्या करा. ओटीवर किंवा माजघरात एक कपाट पूर्ण तुमचं ठरवा, सासूबाईंना सांगून त्यातलं जुनं हलवा, कपडे लावा आणि बॅगा माळ्यावर टाका. मुलीला एक कोपरा द्या, खिडकीजवळ टेबल, वर तिची चित्रं लावायला एक लाकडी पट्टी. सासूबाईंची बसायची जागा, त्यांचं फडताळ, त्यांचा पाट यांना हात लावायचा नाही, त्या जिथे आहेत तिथे ठेवून बाकीचं घर त्याभोवती लावा. ते घर आता तुम्हा दोघींचं आहे.

प्रश्न : ताई, मी आणि माझी मैत्रीण मूळच्या अमरावतीच्या, पुण्यात कोथरूडला भाड्याने राहतो. दर अकरा महिन्यांनी वाटायचं की आता सोडू, त्यामुळे काही घेतलंच नाही, गाद्या जमिनीवर, टीव्ही खोक्यावर, पडद्यांच्या जागी ओढण्या. आता दोघींच्या नोकऱ्या इथेच पक्क्या झाल्यात, घरमालक काका-काकूही म्हणतात राहा हवं तितकं. पंचवीस-तीस हजार आहेत. भाड्याच्या घरावर खर्च करणं वेडेपणा आहे असं आई म्हणते. खरंच आहे का?
— पुणे

उत्तर : आईला काळजी वाटते ते ठीक आहे, पण तुम्ही रोज सकाळी उठता, चहा पिता, आजारी पडता, रडता, हसता ते याच घरात ना? मग ते तुमचंच घर आहे आणि त्यावर खर्च करणं योग्य आहे. फक्त कुठे करायचा ते बघू या.

आधी करार. अकरा महिन्यांचाच करार करायला हवा असं काही नाही, लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचाही होतो आणि रजिस्टर होतो. काका-काकू एवढे चांगले आहेत तर तेच सुचव, भाडं दरवर्षी किती वाढणार तेही त्यात लिहून घ्या. डोक्यावरची अकरा महिन्यांची टांगती तलवार गेली की बघ घराकडे बघायची नजरच बदलते. मग काकांना मेसेज करून विचार की आम्हाला पाच-सहा ठिकाणी ड्रिल करायचंय, जाताना पुट्टी भरून देऊ, आणि एक भिंत रंगवायचीय, चालेल का. तोंडी नको, मेसेजच कर, म्हणजे उद्या डिपॉझिटच्या वेळी दोघांनाही आठवेल.

पैशांचं म्हणशील तर सगळ्यात जास्त गाद्यांवर घाला, दोन चांगल्या गाद्या आणि दोन साधे पलंग, पलंग सेकंडहँड चालतील पण गादी नवीनच घ्या, आणि पलंग बोल्टचा घ्या म्हणजे उघडून नेता येतो. जमिनीवरची गादी खालून दमट होते, एकदा उलटून बघ म्हणजे कळेल. मग पडदे, आणि हे मी फार आग्रहाने सांगते, पडदे खिडकीपुरते नको, जमिनीपर्यंत घ्या आणि रॉड खिडकीच्या वर हातभर लाव, खोली उंच वाटते. शिवायला टाकण्याआधी सुती कापड धुवून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात चार बोटं वर जातात. पश्चिमेची खिडकी असेल तर तिला अस्तराचा जाड पडदा, पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर ती भिंत तापते.

ट्यूबलाइट राहू दे पण संध्याकाळी लावू नकोस. त्याऐवजी दोन-तीन कोपऱ्यांत पिवळसर उजेडाचे दिवे, बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं बघून घे, ६५०० वाला आणलास तर तोच दवाखान्यासारखा पांढरा उजेड येईल. हजार-बाराशेत घराचं रूप बदलेल. टीव्ही खोक्यावरून उतरवा, एक लांब बुटकं कपाट घ्या, आत सामानही राहतं. पलंगावर सोलापुरी चादर टाका, अमरावतीहून येताना घरची एक मोठी पितळी परात किंवा तांब्या घेऊन ये आणि ओट्यावर ठेव, वापरायला ठेव, नुसतं शोभेला नको.

आणि दारावर नावाची पाटी लावा, दोघींच्या नावांची, दुहेरी टेप लावून. कुरियरवाल्यालाही बरं पडतं.

प्रश्न : नमस्कार. माझं वय ७१, डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, बिल्डिंग १९८८ ची, लिफ्ट नाही. यजमान गेल्यावर मुलाने न्यू जर्सीला नेलं, दोनदा राहून आले, सून-नातवंडं फार प्रेमाने वागवतात पण माझा जीव तिथे रमला नाही. आता ठरवलंय, इथेच राहायचं, मुलानेही मान्य केलंय. तो म्हणतो आई, पैसे पाठवतो, सगळं घर बदल, बाथरूममध्ये दांडे बसव. मला मात्र घराचा दवाखाना झालेला नकोय. यजमानांची टेबल-खुर्ची अजून तशीच आहे, तिचं काय करावं तेही कळत नाही.
— डोंबिवली

उत्तर : काकू, तुम्ही ठरवलंत ते वाचून खरंच आनंद झाला, आणि मुलाने मान्य केलं हे त्याहून मोठं आहे.

पैसे घालण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन गोष्टी विचारा. बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झालंय का, तीस वर्षांवरच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी करायचं असतं, आणि रिडेव्हलपमेंटचं काही बोलणं चाललंय का. डोंबिवलीत तुमच्या बिल्डिंगच्या वयाच्या इमारतींमध्ये हे बोलणं जवळपास सगळीकडे चालू आहे. तसं असेल तर ओटा, टाइल्स, भिंतीतली कपाटं यावर लाखो रुपये घालू नका, ते पाडकामात जाणार. मग जे उचलून नेता येईल त्यावर खर्च करा, चांगला पलंग, चांगली आरामखुर्ची, पंखे, दिवे, पडदे. आणि रिडेव्हलपमेंटचं नसेल तर बाथरूम नवीन करून घ्या, पण खालच्या मजल्यावाल्यांना आधी सांगा, आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स लावायच्या आधी चोवीस तास पाणी भरून ठेवायला सांगा. खाली गळलं नाही तरच पुढचं काम.

दांड्यांबद्दल मुलाचं ऐका हो. टॉवेल अडकवायच्या दांड्यावर भार टाकू नका, तो उखडून येतो. आधाराचा दांडा वेगळा मिळतो, तो भिंतीत पक्का बसवायचा, एक कमोडच्या बाजूला, एक अंघोळीच्या जागी, तुम्ही तिथे उभ्या राहून हात कुठे जातो ते बघून उंची ठरवा, मिस्त्रीला त्याच्या मनाने लावू देऊ नका. हल्ली ते पितळी रंगाचे, काळे असे छान मिळतात, दवाखाना आठवणार नाही. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी लावा, टाइल्स खरबरीत, उंबरा असेल तर काढून टाका किंवा त्याला वेगळा रंग द्या म्हणजे रात्री दिसतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत माणूस हलला की लागणारे दोन छोटे दिवे. सुटी पायपुसणी गोळा करून टाका, खाली रबर असलेलीच ठेवा. हे एवढं झालं की बाकीचं सगळं घर तुम्हाला हवं तसं.

आता खुर्ची. मला वाटतं ती खुर्ची तुम्ही वापरायला घ्यावी. टेबल खिडकीशी सरकवा, खुर्चीला नवीन वेत विणून घ्या किंवा गादी करून घ्या, वर चांगला टेबल लॅम्प, आणि सकाळचा पेपर, तुमच्या गोळ्यांचा डबा, नातवंडांशी व्हिडिओ कॉलचा मोबाइल, सगळं तिथे. त्यांच्या वस्तूंपैकी दोन-तीन टेबलावर राहू देत, चष्मा म्हणा, पेन म्हणा, बाकी सावकाश बघा, कोणी घाई करत नाहीये. खुर्ची तशीच रिकामी ठेवली की रोज तिच्याकडे बघून जीव तुटतो, तिथे तुम्ही बसायला लागलात की तो कोपरा पुन्हा चालता होईल.

भिंतींना तुम्हाला आवडतो तो रंग द्या. मुलाला, सुनेला विचारू नका. तुम्हाला गुलाबी आवडत असेल तर गुलाबी द्या.

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, नोकरीसाठी बडोद्याला आलो आणि परत जायचंच म्हणून इतकी वर्षं भाड्याने राहिलो. आता इथेच नवीन फ्लॅट घेतलाय. राहायला जायच्या आधीच सगळं फर्निचर करून घ्यावं का? नंतर धूळ, सुतार, त्रास नको असं वाटतं.
— बडोदा

उत्तर : नाही, सगळं नको. स्वयंपाकघर आणि कपड्यांची कपाटं करून घ्या, त्याशिवाय राहता येत नाही, बाकी खोल्या पहिला पावसाळा होईपर्यंत मोकळ्या ठेवा. नवीन बांधकामात पाणी मुरलेलं असतं, कुठली बाहेरची भिंत ओल धरते ते एका पावसात कळतं, आणि तिच्यावर तुम्ही आधीच वॉर्डरोब ठोकला असेल तर तो पाठीमागून काळा पडतो. ऊन कुठे येतं, तुम्ही जेवायला खरंच टेबलावर बसता की टीव्हीसमोर, मुलं अभ्यासाला कुठे पसरतात, हेही राहिल्याशिवाय कळत नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचं मानक) शिक्का असलेलं प्लायवूड घ्या, कडेवर शिक्का बघा, सुताराच्या शब्दावर जाऊ नका. कोरड्या खोलीत आयएस ३०३ वालं चालतं, तिथे उगाच महागातलं नको.

आणि बडोद्यात राहताय तर हॉलमध्ये सोफ्याऐवजी हिंचक्याचा विचार कराच. तिथल्या घरांत तो असतोच, आणि आपल्याकडच्या बंगईवर, झोपाळ्यावर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. जुन्या सागाच्या पाटाचा, पितळी कड्यांचा हिंचका जुन्या फर्निचरवाल्यांकडे शोधा, मिळतो. पुढेमागे तीन-साडेतीन फूट जागा मोकळी लागते, ती जमिनीवर खडूने आखून बघा. त्याचे हुक मात्र स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच पक्के बसवायला लागतात, इंजिनिअरला विचारून, आणि ते काम छताला रंग लागायच्या आधी करायचं, तेव्हा ताबा घेतलात की सगळ्यात आधी त्याची जागा ठरवा.